विमान उलार होतं तेव्हा

मी पायलट नव्हतो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलेलं बरं, कारण दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला तोच मुळी "कॅप्टनसाहेब, आठवणी लिहा ना" म्हणून. मी म्हटलं, "बावा, मी मेकॅनिक होतो." ते म्हणाले, "तेच ते." आता तेच ते कसं होईल? पण माझा उजवा कान जेटच्या आवाजानं गेलेला आहे आणि डाव्यानं भांडण करायचा आता कंटाळा येतो. म्हटलं, ठीक आहे, लिहितो.

या घोळाचं मूळ माझ्या बापात आहे. आमचं गाव चामोर्शीजवळ. बाबा दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायचे, कापायचे, आणि मला मात्र एक दिवस शाळा बुडवू द्यायचे नाहीत. आयटीआय करून मी मुंबईला विमानाच्या हँगरमध्ये लागलो, तेव्हा त्यांनी चामोर्शीच्या आठवडी बाजारात फक्त एवढंच सांगितलं, "पोरगा विमानावर हाये." बाजार उठेपर्यंत मी विमान चालवायला लागलो होतो. सुट्टीत घरी आलो तर लोक बघायला आले. मी प्रत्येकाला सांगायचो, मी खाली काम करतो, नटबोल्ट, तेल, पत्रा. लोक मान डोलवायचे आणि जाताना म्हणायचे, "पायलटभाऊ, कधीतरी आमच्या गावावरून नेजो ना गा!"

बायकोनं, म्हणजे सुमननं, कधीच कुणाची दुरुस्ती केली नाही. "म्हनू दे ना जी. तुमचं काय जाते?" असं तिचं म्हणणं. माझं काय जातं ते मला कधी नीट सांगता आलं नाही. पण जायचं खरं.

तर मी ज्या विमानावर आयुष्य काढलं ते चार इंजिनांचं जेट. आम्ही तिला नुसतं 'सातशेसात' म्हणायचो. आजच्या पोरांना त्याचं काही नाही, पण जेटचे सुरुवातीचे दिवस फार वाईट होते. सगळ्यात आधी इंग्रजांनी चार इंजिनांचं जेट काढलं. देखणं होतं म्हणतात. ते आकाशातच फुटायला लागलं आणि कुणाला कारण सापडेना. शेवटी त्यांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बुडवलं, आत पाणी दाबून भरायचे, सोडायचे, परत भरायचे. असं करता करता एक दिवस पत्रा खिडकीच्या कोपऱ्यातून फाटला. उंचावर गेलं की विमान फुगतं, खाली आलं की बसतं, आणि या फुगण्या-बसण्यानं पत्रा थकला होता. आमच्या ट्रेनिंगमध्ये मास्तरांनी हा शब्द वापरला तेव्हा मी हसलो होतो. पत्रा काय थकतो? आता सत्तरी ओलांडल्यावर सकाळी खाटेवरून उठताना तो शब्द बरोबर कळतो.

त्या धड्यावरून शहाणे होऊन अमेरिकेनं सातशेसात काढलं. पंख मागे झुकलेले आणि प्रत्येक पंखाखाली समोरच्या बाजूला दोन-दोन इंजिनं लटकवलेली. काय तिचा आवाज! काय तो काळा धूर! उडताना मागे चुलीसारखा धूर सोडायची. एकदा एक म्हातारा प्रवासी चढायलाच तयार होईना. दुसरं विमान उडताना त्यानं पाहिलं होतं. माझे तेलकट कपडे बघून मलाच धरलं आणि विचारलं, "खरं सांग, आग लागली ना त्याला?" मी म्हटलं, "काका, धूर निघते म्हणजे पेटून राह्यलं, अन् पेटून राह्यलं म्हणजे चालू हाये. धूर बंद झाला तर घाबरा." तो बिचारा आणखीच घाबरला. मग मीच त्याची पिशवी घेऊन जिन्यापर्यंत सोडलं.

आमच्या हँगरमध्ये आपल्याकडचा आणखी एक जण होता, चंद्रपूरचा रज्जाकभाई. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पत्र्याचं काम, पेट्या, कंदील, पाण्याच्या टाक्या. तो पत्रेवाला, मी चाकं आणि पाय बघणारा. विमानाच्या चाकाला जो जाड दांडा असतो त्याला आम्ही पाय म्हणतो. त्यात तेल आणि हवा भरलेली असते, वजन पडलं की तो खाली दबतो, वजन उठलं की वर येतो. दांड्याचा चकाकणारा भाग किती दिसतो ते बघायचं, की विमानावर कुठं किती भार आहे ते समजतं. हे सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बंडीत मागच्या बाजूला जास्त ओझं झालं की बंडी उलार होते, जू वर उठतं आणि बैल लटकल्यासारखे होतात. मग बंडीवाला कुणाला तरी म्हणतो, "अबे, समोर येऊन बस." सातशेसातचं तसंच होतं. मोठी चाकं मधे, नाकाखाली लहान चाकं. समोरचा भार म्हणजे ती चार जड इंजिनं. ती काढली, किंवा शेपटीत सामान भरलं आणि समोरचं आधी उतरवलं, की विमान उलार. म्हणून शेपटीखाली लोखंडी टेकू लावायची रीत. टेकू लावल्याशिवाय मागे कुणी चढायचं नाही.

एकदा बाहेरच्या देशातल्या एका मालवाहू कंपनीचं जुनं सातशेसात आमच्या शेजारी उभं होतं. ती कंपनी आता राहिली नाही. विमानं म्हातारी झाली की त्यांच्या खुर्च्या काढतात आणि त्यांना हमालीला लावतात, तसलं ते विमान. त्यांच्या लोकांनी घाई केली. टेकू न लावता समोरच्या पेट्या उतरवल्या. मी आणि रज्जाकभाई चहा पीत होतो. आवाज काही झाला नाही हो! नाक हळूच वर गेलं, एखादा माणूस मान वर करून आभाळाकडे बघतो तसं, आणि शेपटी जमिनीवर बसली. मग आतल्या पेट्या घसरल्याचा आवाज आला. आत एक हमाल होता. रज्जाकभाईनं त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा खांदा मोडलेला होता आणि तो सारखं एकच विचारत होता, "मी काय केलं? मी काय केलं?" त्यानं काहीच केलं नव्हतं. तो फक्त मागे उभा होता.

पुढे मोठी विमानं आली, आमची सातशेसात म्हातारी झाली. आवाज फार, तेल फार, म्हणून एकेक करून गेली. काही भंगारात फुटली. आम्हीही निवृत्त झालो, मी आणि रज्जाकभाई दोघेही चंद्रपूरला येऊन राहिलो. वाटलं, संपलं.

कुठलं संपतं! चामोर्शीकडच्या एका राइस मिलवाल्यानं, विनोदभाऊनं, चंद्रपूरच्या रस्त्यावर हॉटेल टाकलं, आणि त्याला हॉटेलात विमान पाहिजे होतं. दुसऱ्या कुठून तरी भंगारातलं सातशेसात विकत घेऊन तुकड्या-तुकड्यांनी ट्रेलरवर आणलं. रस्त्यानं येताना पोट्टे मागे धावत होते. मग तो माझ्या दारात. "कॅप्टनकाका, तुम्हीच उभं करून द्या."

मी म्हटलं, "मेकॅनिक."

"हो, तेच."

रज्जाकभाईला घेऊन गेलो. विमान जवळून बघितलं. रंग उडालेला, इंजिनं नाहीत, खिडक्यांत पाखरांची घरटी. रज्जाकभाईनं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "क्या हाल कर दिया बे तेरा." आम्ही महिनोन्‌महिने खपलो. पंख बसवले, पत्रे ठोकले, नाकाच्या पायात तेल-हवा भरली. खरं सांगतो, त्या दिवसांत माझे गुडघे दुखायचे थांबले होते. विनोदभाऊची एकच अट, विमान स्वतःच्या चाकावर उभं पाहिजे, खाली खांब-बिंब नको, खरं दिसलं पाहिजे.

मी टेकूचं सांगितलं. तो शेपटीखाली उभा राहिला, मान तिरपी करून बघितलं आणि म्हणाला, "काका, कुबडी घेतल्यासारखं दिसते. लोक फोटो काढतीन का असल्याचा?"

"मंग समोर वजन टाका. नाकाखालच्या खणात रेती भरा, गच्च."

"रेती कुठून आनू? नदीवरचे रेतीचे घाट बंद हायेत. ट्रॅक्टर रस्त्यावर दिसला की तहसीलदार हजर."

शेवटी तोडगा त्यालाच सुचला. मिलच्या गोदामात तांदळाची पोती पडून होती. ट्रक भरून आणली आणि नाकाखालचा खण कोंबून भरला. पायाचा चकाकता दांडा दबून चार बोटं उरला. मी विनोदभाऊला जवळ बोलावून दाखवलं, "हे चार बोटं. याच्यापेक्षा जास्त दिसलं तर मले फोन करायचा. अन् हे तांदूळ, तांदूळ नाहीत. हे इंजिन समजा." तो म्हणाला, "हो ना काका, समजलं." मागच्या भागात स्वयंपाकघर आणि बुफे, मधे टेबलं, समोर कॉकपिट बघायला मोकळं. हॉटेल धडाक्यात सुरू झालं.

मग माझ्या नातीचं लग्न ठरलं. प्रज्ञा धानोऱ्याला दवाखान्यात नर्स आहे. तिनं हट्ट धरला, जेवण आबांच्या विमानातच. मी म्हटलं, पोरी, गर्दीचं काम आहे, सभागृह घेऊ. ती म्हणाली, "आबा, मी लहानपणापासून ऐकून राह्यली तुमचं विमान, तुमचं विमान. एकदा त्याच्यात जेवू तर द्या." सुमन म्हणाली, पोरीचं मन मोडू नका. झालं.

लग्न सकाळी विहारात लागलं. प्रज्ञा पांढऱ्या साडीत होती. दुपारी सगळे हॉटेलात आले. आत जागा पुरेना, बाहेर मांडव घातलेला. ऊन तापलं होतं, म्हणून पोट्टे विमानाच्या शेपटीखाली सावलीत खेळत होते. लोक मागच्या जिन्यानं चढत होते आणि बुफेपाशी ताटं घेऊन उभे होते. नवरा-नवरीच्या खुर्च्याही मागेच, फुलांची कमान तिथंच लावलेली. मी बाहेर, कुणाकुणाचे नमस्कार घेत होतो. "पायलटभाऊ, वा! शेवटी विमानात जेवू घातलं!" मी हसत होतो. भांडायचा दिवस नव्हता.

रज्जाकभाई पान खाऊन नाकाकडून येत होता. त्यानं माझा डावा खांदा धरला, डाव्या कानाशी तोंड आणलं.

"भाऊ, नाक उठून राह्यलं."

मी जाऊन बघितलं. पायाचा दांडा हातभर उघडा पडला होता, नव्यासारखा चकचकीत. जमिनीवर दबून असायचं ते टायर पार गोल दिसत होतं. मी वाकून दांड्याला हात लावला. तेल पाझरलेलं, हात काळा झाला. आणि हाताखाली तो दांडा हलला. आत कुणीतरी मागे दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यानं. 

खणाचं दार उघडलं. तळाशी दोन-चार पोती, बाकी खण मोकळा. आचारी तिथूनच पोतं घेऊन निघाला होता. मी त्याला धरलं.

"अबे, हे तांदूळ कुठी नेऊन राह्यला?"

"भातालेच ना बाबा! रोज इथूनच नेतो. स्टोअरच हाये ना हे?"

हॉटेल उघडल्यापासून रोज! हजारो पाहुण्यांनी मिळून त्या विमानाचं नाक खाल्लं होतं आणि आता माझी नात, तिचा नवरा, सुमन, सगळे शेपटीत उभे होते. शेपटीखाली पोट्टे.

"रज्जाकभाई, पोट्टे काढा खालून," मी म्हटलं.  तो लंगडत पळत सुटला.

विनोदभाऊ जिन्याजवळ सापडला. मी सांगितलं. तो पाहुण्यांकडे बघत हसत हसतच म्हणाला, "काका, इतके दिवस काही झालं नाही ना? आजच्या दिवस नका ना. लोक घाबरतीन, पळतीन." ते शेवटचं मात्र त्याचं खरं होतं. पळापळ झाली असती तर सगळे मागच्याच दारानं, मागच्याच जिन्यावर आले असते आणि मग जे व्हायचं ते लगेच झालं असतं. मी कामगारांच्या मधल्या लहान दारानं आत चढलो. मोठ्यानं, पण शांतपणे म्हटलं, "सगळे जण समोर चला. हळूहळू. समोर." बहिऱ्या माणसाचा आवाज नेहमी जरा चुकतोच. एक जण म्हणाला, "आबाले भूक लागली, जागा करून द्या." लोक हसले. मी परत म्हटलं, "मी मेकॅनिक सांगून राह्यलो, मागे वजन झालं, समोर या." कुणी ऐकलं तरी का? कुणी माझ्या हातात ताट दिलं. कुणी म्हणालं, बसा ना बाबा, दमले असान. खालून पायाला बारीक हेलकावा जाणवत होता. तो दुसऱ्या कुणाला जाणवला नसेल. मला जाणवत होता आणि मी काय बोलतो ते कुणाच्या कानातच जात नव्हतं. आयुष्यात इतकी चीड मला कधी आली नाही, आणि इतकं रडूही.

टेबलाजवळ निवेदक माईक घेऊन उभा होता. मी त्याच्या हातातून घेतला. विमानांत वावरताना मी चाळीस वर्षं कॉकपिटातून येणारा आवाज ऐकला होता. तो कसा असतो ते मला पाठ होतं. घाई नाही, चढ-उतार नाही.

"नमस्कार. मी तुमचा कॅप्टन बोलतो आहे."

सगळं शांत झालं. वाढपी थांबला. मोबाइल वर आले.

"आपल्या विमानात सर्वांचं स्वागत. थोड्याच वेळात आपण उड्डाण करत आहोत. नवरा-नवरी कॉकपिटात येत आहेत. कॅप्टनबरोबर फोटो तिथंच निघेल. मागचे प्रवासी आधी, कृपया ताटं घेऊन समोर यावं. धन्यवाद."

आणि लोक आले हो! हसत, टाळ्या वाजवत, ताटं सांभाळत, म्हाताऱ्या बाया एकमेकींना "चाल वं, चाल, उडून राह्यलं" म्हणत समोर आल्या. प्रज्ञा नवऱ्याचा हात धरून मधल्या वाटेनं आली. तिच्यामागे सुमन. कॉकपिटाच्या दारात गर्दी झाली आणि मला पायाखाली कळलं, नाक खाली बसलं. फुस्स करून. खिडकीतून बघितलं तर रज्जाकभाई खाली उभा होता, दोन्ही हातांनी पोट्ट्यांना मांडवाकडे रेटत. त्यानं वर बघून मान हलवली. मग त्यानं मिलचा भरलेला ट्रक बोलावला, पोती परत खणात चढवायला लावली, आणि शेजारच्या आरा मशीनवरून सागाचे ओंडके आणून शेपटीखाली रचून घेतले. पाहुण्यांना वाटलं, सजावटीचं काहीतरी चाललंय. तोवर मी एकालाही मागे जाऊ दिलं नाही. फोटो काढत राहिलो. चाळीस वर्षांत ज्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो त्या डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसून, प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकून.

कुणालाच काही कळलं नाही. आमच्या धंद्याचं असंच आहे, काम नीट झालं म्हणजे काहीच होत नाही, आणि काही न झाल्याबद्दल टाळ्या कुणाला द्यायच्या? टाळ्या कॅप्टनला मिळाल्या. एक पाहुणे तर मला म्हणाले, "इतके वर्ष काऊन लपवून ठेवलं भाऊ? आता तुम्हीच माईकवर सांगितलं ना!"  जीव थकून गेला होता. खाली येऊन रज्जाकभाईजवळ टायरला टेकून बसलो. विनोदभाऊ समोर उभा होता, चेहरा पांढरा, हात जोडलेले. म्हणाला, "काका, टेकू लावतो. उद्याच लावतो." रज्जाकभाईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कॅप्टनसाहेब, हात धुवून घ्या. काळे हायेत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दांड्याचं तेल. तोच हात मी फोटोत प्रज्ञाच्या खांद्यावर ठेवला होता. वर जाऊन बघतो तर तिच्या पांढऱ्या साडीवर माझी चार बोटं आणि अंगठा, ठसठशीत. सुमन कपाळाला हात लावून बसली होती. नवऱ्याकडची एक बाई ओल्या रुमालानं पुसत होती आणि डाग आणखी पसरत होता.

"माफ कर पोरी," मी म्हटलं. "विमानाच्या पायाचं तेल हाये. निघत नाही ते."

प्रज्ञानं माझा काळा हात बघितला. मग खिडकीतून खाली बघितलं. शेपटीखाली ओंडके रचलेले, पोती चढवून घामाघूम झालेले हमाल, पोट्ट्यांना अजून दूर हाकणारा रज्जाकभाई. पोरगी नर्स आहे. न सांगता काय झालं असेल ते ओळखायची तिला सवय आहे. तिचे डोळे भरले. तिनं त्या बाईच्या हातातला रुमाल बाजूला केला.

"राहू द्या आत्या, पुसू नका," ती म्हणाली. "कोणी विचारलं तर सांगीन मी. माझे आबा मेकॅनिक हायेत."